जिवाणूंची नावे आणि जिवाणूंची कामे

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत नान्ना स्वार्ट्झ या डॉक्टर आमवातावर औषध शोधत होत्या. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, कुठल्या तरी जंतूच्या संसर्गाने होतो अशी त्यांची धारणा होती. त्या काळी नव्याने हाती आलेली सल्फा औषधे जंतू मारत होती आणि सॅलिसिलेट वर्गातली औषधे सूज व ठणका कमी करत होती. हे दोन रेणू एकमेकांना जोडले तर एकाच गोळीत दोन्ही गुण येतील, हा स्वार्ट्झ यांचा विचार फार्मासिया या स्वीडिश कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी प्रत्यक्षात आणला. ते औषध म्हणजे सल्फासॅलॅझिन. आमवाताच्या असंख्य रुग्णांच्या चिठ्ठीवर ते आजही असते. मात्र ते शरीरात नेमके काय करते, हे कळायला तीन दशके जावी लागली. १९७२ साली मार्क पेपरकॉर्न आणि पीटर गोल्डमन यांनी हे औषध दोन प्रकारच्या उंदरांना दिले. नेहमीच्या उंदरांच्या आतड्यात त्याचे दोन तुकडे झाले. जन्मापासून जंतुरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांच्या शरीरातून ते न तुटताच बाहेर पडले. दोन रेणूंना जोडणारा बंध शरीर तोडत नव्हते, मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडत होते. आतड्याच्या व्रणयुक्त दाहावर यातला सॅलिसिलेटचा तुकडा उपयोगी पडतो, हे पुढे १९७७ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी दाखवले. आमवातात मात्र सल्फाचा तुकडा अधिक महत्त्वाचा असावा असे मानले जाते. जंतू मारायला म्हणून बनवलेले औषध जंतूंच्या मदतीवाचून कामच करत नाही, हे ध्यानात घेऊनच या विषयात शिरलेले बरे.

स्वयंप्रतिकार आजारांत शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच ऊतींवर उलटते. आमवातात ती सांध्यांच्या अस्तरावर, टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंच्या आवरणावर चालून जाते. ल्युपसमध्ये तर त्वचेपासून मूत्रपिंडापर्यंत कुठलाही अवयव तिच्या तडाख्यात सापडू शकतो. गेल्या पंधराएक वर्षांत या प्रत्येक आजाराच्या रुग्णांच्या आतड्यातल्या जिवाणूंची मोजदाद झाली. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटींच्या आसपास, असा २०१६ सालचा अंदाज आहे. त्या अफाट संख्येतून रुग्णांत कोणती जात वाढली, कोणती घटली, याच्या याद्या प्रसिद्ध होत राहिल्या. याद्या बनवणे गरजेचेच होते, कारण त्यांच्यावाचून पुढचा प्रश्न विचारताच आला नसता. पण आता तो विचारायची वेळ आली आहे. हे जिवाणू खातात काय, बनवतात काय, पित्ताचे आणि औषधांचे काय करतात, आणि त्यातून तयार झालेले रेणू संरक्षणयंत्रणेला काय सांगतात? माझे म्हणणे असे की आतड्याचा आणि स्वयंप्रतिकार आजारांचा संबंध मुख्यतः चयापचयाचा आहे. वस्तीची शिरगणती केली म्हणून तिथल्या कारखान्यांतून कोणता माल बाहेर पडतो हे कळत नाही. जिवाणूंच्या नावांपाशी थांबलेल्या संशोधनाची आणि त्यावर बेतलेल्या बाजाराचीही हीच अडचण आहे.

मुळात या आजारांसाठी आतड्याकडे वळायचे कारणच काय? पहिले कारण जुळ्यांचे. एकाच गर्भपेशीतून जन्मलेल्या दोन जुळ्यांपैकी एकाला आमवात झाला, तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपासच आढळते. जनुके जवळपास शंभर टक्के तीच असून आजार बहुतेकदा एकालाच होतो. तेव्हा जनुके धोका ठरवतात, पण उरलेले बरेच काही बाहेरून येते. दुसरे कारण भूगोलाचे. टाइप १ मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे ते फिनलंडमध्ये. सरहद्दीपलीकडे रशियाच्या ताब्यातल्या कारेलियात ते सुमारे सहापटीने कमी आढळले. दोन्हीकडचे लोक वंशाने एकमेकांच्या जवळचे, हवामानही जवळपास एकच, तरी एवढा फरक. बाहेरून येणाऱ्या गोष्टींत अन्न आहे, धूम्रपान आहे, विषाणूंचे संसर्ग आहेत. पण रोजच्या रोज, आयुष्यभर, संरक्षणपेशींच्या सर्वांत मोठ्या ताफ्याशी ज्यांचा संबंध येतो ते आतड्यातले जिवाणूच. म्हणून संशयाची सुई तिकडे वळली.

नावांच्या शोधातले सर्वांत गाजलेले उदाहरण प्रेव्होटेला कोप्री या जिवाणूचे. २०१३ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी नुकताच आमवात जडलेल्या आणि अद्याप औषधे सुरू न झालेल्या रुग्णांची विष्ठा तपासली. त्यांच्यापैकी ७५ टक्के लोकांत प्रेव्होटेला कोप्री सापडला, निरोगी लोकांत मात्र २१ टक्क्यांतच. हा फरक मोठा आहे आणि अभ्यासही काळजीपूर्वक केलेला आहे. पण हाच आकडा घेऊन पुण्याला यावे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास केला, तेव्हा प्रेव्होटेला हा गट आपल्याकडे निरोगी माणसांतच भरपूर असल्याचे दिसले. धान्य, कडधान्ये आणि भाजीपाला यांवर पोसलेल्या आतड्यात तो सुखाने नांदतो. आता याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवावा. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ पासून घरोघर जाऊन सांध्यांच्या आजारांची पाहणी झाली. ग्रामीण भारतातले हे पायाभूत काम मानले जाते. तिथे प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के निघाले. पाश्चात्त्य देशांत ते साधारण अर्धा ते एक टक्का असते. या जिवाणूच्या नुसत्या असण्याने आमवात होत असता, तर महाराष्ट्राच्या गावागावांत तो कितीतरी अधिक दिसायला हवा होता.

यावर तज्ज्ञांचे उत्तर तयार आहे, आणि ते चुकीचे नाही. प्रेव्होटेला कोप्री हे एका जातीचे नाव नसून चार निरनिराळ्या शाखांचा तो समूह आहे, हे २०१९ मध्ये जनुकांच्या तुलनेतून स्पष्ट झाले. पाश्चात्त्य वळणाचे जीवन जगणाऱ्यांत यांपैकी एखादीच शाखा आढळते. पारंपरिक आहार घेणाऱ्या समाजांत बहुधा अनेक शाखा एकत्र असतात. तेव्हा न्यूयॉर्कचा प्रेव्होटेला आणि भिगवणचा प्रेव्होटेला यांना एक मानणेच गैर, असा हा युक्तिवाद. तो मान्य करूनच मी पुढे जातो, कारण त्याने माझ्या म्हणण्याला बळ मिळते. दोन शाखांत फरक कशाचा? त्यांच्या जनुकांचा, म्हणजे कोणता तंतू पचवता येतो, कोणता रेणू बनवता येतो याचा. नाव एक असूनही काम वेगळे असू शकते, हे एकदा कबूल केले की नावावरून निदान करण्याचा पाया ढासळतो.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा हृदयाच्या एका जुन्या औषधाने दिला. डिगॉक्सिन हे औषध काही रुग्णांत निष्प्रभ होते, कारण एगर्थेला लेन्टा हा आतड्यातला जिवाणू त्याचे रूप बदलतो, हे १९८०च्या दशकात कळले होते. वेल्लोरच्या डॉक्टरांनी न्यूयॉर्कच्या सहकाऱ्यांबरोबर केलेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की न्यूयॉर्ककरांपैकी ३६ टक्के लोकांच्या आतड्यात हा बदल होतो, दक्षिण भारतीयांपैकी मात्र सुमारे १४ टक्क्यांच्याच. एकच औषध, तीच मात्रा, पण आतड्याच्या रसायनशाळेतला हा फरक दोन खंडांमधला. पुढे २०१३ मध्ये कोडे आणखी उलगडले. एगर्थेला लेन्टाच्या सगळ्याच वाणांना डिगॉक्सिन बदलता येत नाही. त्यासाठी काही ठरावीक जनुके लागतात, आणि ती जनुके असली तरी आर्जिनिन हे अमिनो आम्ल मुबलक मिळाले की त्यांचे काम मंदावते. म्हणजे जिवाणू हजर, जनुके हजर, तरी रुग्णाच्या ताटात काय आहे त्यावर परिणाम अवलंबून. डिगॉक्सिनचा स्वयंप्रतिकाराशी थेट संबंध नाही, पण या जिवाणूचा असू शकतो. आमवाताच्या रुग्णांत एगर्थेला वाढल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. २०२२ मध्ये असे दाखवले गेले की जे एन्झाइम डिगॉक्सिनवर काम करते, तेच टीएच१७ या दाह भडकवणाऱ्या पेशींना आवर घालणारे रेणूही नष्ट करते, आणि त्यामुळे उंदरांच्या आतड्यातला दाह वाढतो. ज्या वाणांकडे हे एन्झाइम नाही त्यांच्याकडून हे होत नाही. नाव तेच, फरक पडला तो एका रासायनिक कृतीने.

आता कामांकडेच सविस्तर पाहू. आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोट्या साखळीची मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन. पण त्याचे काम तेवढ्यावर थांबत नाही. २०१३ साली जवळपास एकाच वेळी वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवले, की ही मेदाम्ले नियामक टी पेशींची संख्या आणि ताकद वाढवतात. नियामक टी पेशी म्हणजे संरक्षणयंत्रणेला ‘पुरे आता’ असे सांगणाऱ्या पेशी. स्वयंप्रतिकार आजारांत नेमका त्यांचाच आवाज क्षीण झालेला असतो. दुसरी वाट पित्ताची. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. त्यांतली थोडी मोठ्या आतड्यात उतरतात आणि जिवाणू त्यांचे रूप पालटतात. अशा पालटलेल्या पित्ताम्लांपैकी एक टीएच१७ पेशी तयार होण्याला रोखते आणि दुसरे नियामक पेशींना चालना देते, हे २०१९ मध्ये उंदरांवर आणि पेशींवर केलेल्या कामातून पुढे आले. तिसरी वाट ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची. जिवाणू त्याचे जे घटक बनवतात ते रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचून तिथल्या आधारपेशींतला दाह शांत करू शकतात; मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजाराच्या उंदरांत हे २०१६ मध्ये दिसले. भाकरी, पित्त आणि प्रथिने या तिन्ही रोजच्या गोष्टी. त्यांच्यावर जिवाणूंनी केलेल्या प्रक्रियेतून निघालेले रेणू सांध्यापर्यंत, स्वादुपिंडापर्यंत, मेंदूपर्यंत जातात. जिवाणू स्वतः सहसा आतड्यातच राहतात. आतड्यातल्या घडामोडींचा दूरच्या अवयवावर परिणाम कसा होतो, या जुन्या प्रश्नाचे सगळे नसले तरी बरेचसे उत्तर यात आहे.

माणसांतला सर्वांत वजनदार पुरावा मुलांच्या एका मोठ्या अभ्यासातून आला. टेडी नावाच्या या प्रकल्पात अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन या चार देशांतल्या, टाइप १ मधुमेहाचा जनुकीय धोका असलेल्या मुलांवर तान्हेपणापासून लक्ष ठेवले गेले. २०१८ मध्ये त्यांतल्या ७८३ मुलांच्या जवळपास ११ हजार नमुन्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. आजार होण्याआधीचे नमुने हाती असणे ही या अभ्यासाची मोठी जमेची बाजू. निष्कर्ष असा, की आजारी पडणाऱ्या मुलांना वेगळे ओळखता येईल अशी जिवाणूंची ठरावीक यादी सर्व देशांत मिळून सापडली नाही. पण निरोगी राहिलेल्या मुलांच्या जिवाणूंत आंबवण्याची आणि छोट्या साखळीची मेदाम्ले बनवण्याची जनुके अधिक होती, आणि हा कल देश बदलला तरी टिकून राहिला. सिएटलच्या मुलात हे काम एक जिवाणू करत असेल, फिनलंडच्या मुलात दुसरा. संरक्षणयंत्रणेला कामाशी मतलब. माझ्या लेखी या क्षेत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे, आणि दुर्दैवाने ‘मधुमेहाचा जिवाणू सापडला नाही’ अशा निराशेच्या सुरात त्याची वासलात लावली जाते.

फिनलंड आणि कारेलियाच्या फरकाकडेही याच नजरेने पाहता येते. फिनलंड, एस्टोनिया आणि रशियन कारेलिया इथल्या २२२ बालकांच्या अभ्यासात, २०१६ मध्ये, फिनलंड-एस्टोनियात बॅक्टेरॉइडिस गटातले जिवाणू जास्त आढळले. इतर बहुतेक अभ्यास इथे थांबले असते. या संशोधकांनी पुढे जाऊन त्या जिवाणूंच्या कवचातला एक रेणू वेगळा काढला. कारेलियातल्या बालकांत हा रेणू मुख्यतः इ. कोलायकडून येत होता आणि तो संरक्षणपेशींना चांगले जागे करत होता. बॅक्टेरॉइडिसचा त्याच वर्गातला रेणू रचनेत थोडा वेगळा; तो पेशींना जागे तर करत नव्हताच, उलट इ. कोलायच्या रेणूचा परिणामही दाबत होता. कोवळ्या वयात संरक्षणयंत्रणेला जे शिक्षण मिळायला हवे ते फिनिश बालकांना कमी मिळते, असा यातून काढलेला तर्क आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही. पण तर्क तपासण्याजोगा झाला तो रेणूपर्यंत गेल्यामुळेच.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप कार्यकारणाचा. आजारामुळेच जिवाणू बदलत असतील तर? आजारी माणसाचे खाणे बदलते, हालचाल घटते, औषधे सुरू होतात. या आक्षेपामागे कटू अनुभव आहे. टाइप २ मधुमेहाचे म्हणून सांगितले गेलेले जिवाणूंतले काही बदल प्रत्यक्षात मेटफॉर्मिन या गोळीमुळे होत होते, हे २०१५ मध्ये उघड झाले. २०१८ मध्ये हजाराहून अधिक औषधे आतड्यातल्या ४० जिवाणू-वाणांवर तपासली गेली, तेव्हा माणसाच्या पेशींसाठी बनवलेल्या औषधांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश औषधांनी किमान एका वाणाची वाढ रोखली. तेव्हा रुग्ण आणि निरोगी यांची एकदाच केलेली तुलना फारशी विश्वासार्ह नसते, हे मान्यच. पण टेडीतले नमुने आजाराआधीचे होते. शिवाय २०१७ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी अशा ३४ जुळ्या जोड्या अभ्यासल्या, ज्यांत एकाला मल्टिपल स्क्लेरोसिस होता आणि दुसऱ्याला नव्हता. दोघांच्या जिवाणूंच्या एकूण याद्यांत मोठा फरक दिसला नाही. तरीही काही जोड्यांची विष्ठा जंतुरहित उंदरांत घातल्यावर, आजारी भावंडाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांत आजार अधिक प्रमाणात उद्भवला. यादी सारखी, परिणाम वेगळा. आजारामुळे जिवाणू बदलतात हे खरे असले, तरी बदललेले जिवाणू स्वतः काही करत नाहीत असे त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की प्राण्यांवरचे प्रयोग एकमेकांना छेद देतात. आमवातासारखा आजार होणाऱ्या एका जातीच्या उंदरांना जंतुरहित वाढवले तर आजार सौम्य होतो, आणि एकाच धाग्यासारख्या जिवाणूची वस्ती केली की तो उसळतो. याउलट, मधुमेह होणाऱ्या उंदरांत जिवाणू ओळखणाऱ्या यंत्रणेतला एक दुवा काढून टाकला तर ते वाचतात. पण त्यांनाच जंतुरहित केले की मधुमेह पुन्हा होतो, म्हणजे तिथे जिवाणूच राखण करत होते. जिवाणू एका आजारात वैरी आणि दुसऱ्यात रक्षक, हे कसे? नावांच्या चौकटीत हा विरोधाभासच राहतो. कामांच्या चौकटीत तो बराच सुटतो. सांध्याच्या आजारात त्या धाग्यासारख्या जिवाणूने आतड्याच्या अस्तराला चिकटून टीएच१७ पेशींना चेतवले. मधुमेहाच्या उंदरांत जिवाणूंकडून येणाऱ्या इतर संकेतांनी संरक्षणयंत्रणेला संयम शिकवला. कोणता संकेत, कोणत्या पेशीला, कोणत्या वयात मिळतो यावर फळ ठरते. ‘चांगले जिवाणू’ आणि ‘वाईट जिवाणू’ ही विभागणी जाहिरातींना सोयीची आहे, अभ्यासाला नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच मांडणीवर आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. कामे मोजणे नावे मोजण्याहून अवघड आहे आणि कामांचाही अर्थ एकपदरी नसतो. ब्युटिरेट उपकारक म्हणावे, तर ते विष्ठेत मोजून फारसे कळत नाही. बरेचसे आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात आणि उरलेले शोषले जाते. विष्ठेत दिसतो तो केवळ शेष. शिवाय ही मेदाम्ले जितकी अधिक तितकी बरी, असेही नाही. उंदरांना ती दीर्घकाळ अतोनात दिली, तेव्हा मूत्रनलिकेत टी पेशींमुळे दाह होऊन मूत्रपिंडे फुगली, असे २०१६ मध्ये दिसले आहे. हा आक्षेप मी परतवून लावत नाही, तो पदरात घेतो. कामांकडे पाहावे म्हणजे नावांची एक यादी टाकून रेणूंची दुसरी यादी हाती घ्यावी, असे नव्हे. रेणू कुठे तयार झाला, किती पोचला, कोणत्या पेशीने कोणत्या अवस्थेत तो घेतला, इथपर्यंत जावे लागेल. ते खर्चिक आणि वेळखाऊ आहे. पण जे सोपे आहे तेच मोजत राहिल्याने आपण उत्तराच्या जवळ गेलेलो नाही.

रुग्णाच्या दृष्टीने या सगळ्याचा सर्वांत जवळचा उपयोग औषधांच्या बाबतीत दिसतो. आमवातात पहिले औषध म्हणून मेथोट्रेक्सेट दिले जाते. आठवड्यातून एकदाच घ्यायची, स्वस्त, जुनी आणि अनेकांना पुन्हा कामाला लावणारी ही गोळी. तरीही बऱ्याच रुग्णांना केवळ तिच्यावर पुरेसा आराम पडत नाही. तो पडतो आहे की नाही हे कळायला काही महिने जातात आणि तेवढ्यात सांध्यांची झीज होऊन बसते. झिजलेला सांधा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. २०२१ मध्ये नव्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, उपचारांआधीच्या जिवाणूंच्या जनुकांवरून औषध लागू पडेल का याचा अंदाज बांधता आला. त्याच रुग्णांच्या विष्ठेत मेथोट्रेक्सेट घालून ठेवले, तेव्हा किती औषध शिल्लक राहिले आणि रुग्णाला किती आराम पडला यांचा मेळ दिसला. रुग्ण थोडे होते, तेव्हा यावरून उद्याच दवाखान्यात तपासणी सुरू करावी असे नाही. पण सल्फासॅलॅझिनच्या बाबतीत जे १९७२ मध्ये कळले, तेच दुसऱ्या औषधाच्या बाबतीत वेगळ्या रूपाने समोर येते आहे. महागड्या जैविक औषधांकडे वळण्यापूर्वी साध्या गोळीचा कोणाला उपयोग होईल हे आधी सांगता आले, तर भारतातल्या रुग्णाचा किती पैसा आणि किती सांधे वाचतील याची कल्पना करावी.

उपचार म्हणून जिवाणूच बदलण्याचे प्रयत्नही झाले आहेत आणि त्यांचे निकाल उतावळेपणाला आवर घालणारे आहेत. डेन्मार्कमध्ये सोरायसिसबरोबर येणाऱ्या सांधेदुखीच्या ३१ रुग्णांपैकी काहींना निरोगी दात्यांच्या विष्ठेतले जिवाणू दिले, काहींच्या बाबतीत नुसता देखावा केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार दात्याचे जिवाणू मिळालेल्यांपैकी ६० टक्के लोकांचे उपचार वाढवावे लागले, इतरांपैकी १९ टक्क्यांचे. त्याच वर्षी अॅमस्टरडॅमहून टाइप १ मधुमेहाच्या २० नव्या रुग्णांचा अभ्यास आला. तिथे दात्याच्या जिवाणूंपेक्षा रुग्णाचे स्वतःचेच जिवाणू लहान आतड्यात परत सोडल्याने इन्सुलिन बनवण्याची क्षमता जास्त टिकली. निरोगी माणसाची वस्ती उचलून आजारी माणसात बसवली की भले होईल, ही समजूत यापुढे धरून ठेवता येणार नाही. यात धोकाही आहे. अशा उपचारातून औषधांना न जुमानणारा इ. कोलाय शरीरात शिरून एक रुग्ण दगावल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला होता. या पार्श्वभूमीवर, विष्ठेची तपासणी करून ‘तुमचा आमवात अमुक जिवाणूमुळे’ असे सांगणारे अहवाल आणि त्यासोबत विकली जाणारी जिवाणूंची पाकिटे यांच्यापासून रुग्णाने लांब राहावे, असे मला निःसंकोच सांगावेसे वाटते. मेथोट्रेक्सेट बंद करून अशी पाकिटे घेणे तर सरळसरळ घातक आहे.

मग आहाराचे काय? इथे वाचकाचा आग्रह समजण्यासारखा आहे, कारण ताट आपल्या हातात असते. तंतुमय आहाराची बाजू वर आलेल्या पुराव्यांवरून बळकट वाटते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीने प्रोपिओनेट दिल्यावर नियामक टी पेशी वाढल्याचे जर्मनीतल्या बोखुमच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवले. पण त्याच पुराव्यात एक अट दडलेली आहे: तंतू आंबवणारे जिवाणू आतड्यात असले तरच तंतूचा उपयोग. स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी प्रौढांपैकी काहींना भरपूर तंतू आणि काहींना आंबवलेले पदार्थ दहा आठवडे दिले गेले. २०२१ मध्ये आलेल्या निकालांत, आंबवलेल्या पदार्थांनी जिवाणूंतले वैविध्य वाढले आणि दाहाशी निगडित कित्येक प्रथिने घटली; तंतूंचा परिणाम मात्र माणसागणिक वेगळा झाला. मैदा आणि साखरेवर वर्षे काढलेल्या आतड्यात एकदम वाटीभर कडधान्य गेले तर ते आंबवायला कोणी शिल्लक असेलच असे नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, पालेभाजी, ताक हे आपले जेवण या दृष्टीने चांगले आहे. ते खावे, सोसेल तसे हळूहळू वाढवावे. पण ते औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे; कारण आमवाताच्या रुग्णांत ते किती काम करते हे मोजणारे मोठे अभ्यास व्हायचे आहेत.

आणि ते अभ्यास इथेच व्हायला हवेत, या आग्रहाने मी वाचकाला पुढच्या प्रकरणांच्या स्वाधीन करतो. न्यूयॉर्कचा प्रेव्होटेला, फिनलंडचा बॅक्टेरॉइडिस, स्टॅनफर्डचे ताक-लोणचे यांवरून सोलापूरच्या किंवा चंद्रपूरच्या रुग्णाला काय सांगावे हे ठरवता येत नाही. डिगॉक्सिनच्या अभ्यासाने हे १९८९ मध्येच दाखवून दिले होते. महाराष्ट्राकडे यासाठी लागणारे बरेच काही आहे. भिगवणसारख्या पाहण्यांचा वारसा आहे, पुण्यात जिवाणू जतन करणारी आणि अभ्यासणारी केंद्रे आहेत, ऊसतोडणीच्या फडापासून हिंजवडीच्या कार्यालयांपर्यंत आहाराची सगळी रूपे एका राज्यात आहेत. नवा रुग्ण दारात आला की मेथोट्रेक्सेटची पहिली गोळी देण्यापूर्वी त्याची विष्ठा आणि रक्त जपून ठेवावे, तो काय खातो हे त्याच्या घरच्या ताटाप्रमाणे नोंदवावे, आणि वर्षभर त्याच्या सांध्यांकडे लक्ष ठेवावे. मोजावे ते जिवाणूंच्या नावांबरोबर त्यांनी बनवलेले रेणू आणि त्यांनी फस्त केलेले औषध. मोठ्या रुग्णालयांच्या सांधेविकार विभागांत असे रुग्ण रोज येतात, आणि त्यांची पहिली गोळी सुरू होण्यापूर्वीचा तो नमुना एकदाच घेता येतो.